लेखन शिकवणारी मासिकं: कोणती घ्यावीत, कशी वाचावीत

लेखनाची कारागिरी शिकवणाऱ्या ‘रायटर्स डायजेस्ट’ या अमेरिकी मासिकाचा अंक हाती आला की बहुतेकजण मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत जाहीर केलेला लेख आधी उघडतात. तो मागाहून वाचला तरी चालतो. अंक उघडावा तो ‘ब्रेकिंग इन’ या सदरापाशी. ज्यांचं पहिलं पुस्तक नुकतंच बाहेर पडलं आहे अशा लेखकांना तिथे ठरावीक प्रश्न विचारलेले असतात: लिहायला किती काळ गेला, एजंट (लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करणारा) कसा मिळाला, काय बरोबर केलं, पुन्हा करायचं झालं तर काय वेगळं कराल. उत्तरं चार-पाच ओळींची असतात आणि घाईत वाचली तर हातून निसटतात. पण पाच-सहा अंकांतलं हेच सदर एका बैठकीत सलग वाचून बघा. लेखकाला ‘झालं’ असं वाटल्यानंतर पुस्तकावर किती काम झालं, ते प्रत्येक उत्तरात कुठे ना कुठे आलेलं असतं. नव्या लेखकाला हे कुणीतरी आकड्यांत आणि महिन्यांत सांगावं लागतं, आणि हे सदर तेच करतं.

लेखनाची कारागिरी शिकवणारं मासिक ही वाङ्मयीन मासिकापेक्षा वेगळी जात आहे. वाङ्मयीन मासिक तयार कथा-कविता छापतं, कारागिरीचं मासिक त्या कशा घडल्या ते दाखवतं. मराठीत पहिल्या जातीची परंपरा मोठी आहे. दुसऱ्या जातीसाठी मराठी लेखक बहुधा इंग्रजीकडे वळतो, आणि तिथे त्याला मदतही मिळते आणि चकवाही लागतो. इथे चार नियतकालिकांचं परीक्षण मराठीत लिहिणाऱ्याच्या गरजेतून केलं आहे: अमेरिकेतली ‘रायटर्स डायजेस्ट’ आणि ‘पोएट्स अँड रायटर्स’, ब्रिटनमधलं ‘रायटिंग मॅगझिन’, आणि मुलाखतींसाठी ‘द पॅरिस रिव्ह्यू’.

रायटर्स डायजेस्ट

हे मासिक डिसेंबर १९२० मध्ये ओहायोतल्या सिनसिनाटी इथे ‘सक्सेसफुल रायटिंग’ या नावाने सुरू झालं आणि १९२१ मध्ये त्याचं आजचं नाव आलं. स्वस्त कथामासिकांना तेव्हा महिन्याकाठी ढिगाने मजकूर लागत असे. त्या बाजारात लिहून पोट भरू पाहणाऱ्यांसाठी निघालेलं हे मासिक आहे आणि त्याचा स्वभाव अजून तोच आहे: लेखन हा धंदा, आणि धंद्याला रीत असते. आता वर्षाला सहा अंक निघतात.

या स्वभावाचा फायदा असा की लेख मोघम नसतात. संवादावरचा लेख असेल तर चुकीचा संवाद, दुरुस्त केलेला संवाद आणि शेवटी करून बघायचा सराव, असं तिन्ही मिळतं. रहस्यकथेत सुगावा कुठे पेरायचा, कादंबरीचा मधला भाग का सैल पडतो, दोन पात्रांना एकाच प्रसंगात वेगवेगळ्या गोष्टी हव्या असल्या की प्रसंग कसा चालतो, असे प्रश्न ते सरळ हातात घेतात. कथेच्या रचनेबाबत आपल्याकडे इतकं उघडपणे लिहिलं जात नाही, म्हणून हा भाग मराठी लेखकाने जरूर घ्यावा.

तोटाही त्याच स्वभावातून येतो. ‘सात उपाय’, ‘दहा युक्त्या’ असे मथळे दर अंकात असतात. दहापैकी दोन युक्त्या कामाच्या असतात आणि उरलेल्या आठ जागा भरण्यासाठी. वर्षभराचे अंक समोर ठेवले तर एकमेकांना छेद देणारे सल्लेही सापडतात: एकात आराखडा आधी करा, दुसऱ्यात आराखड्याशिवाय सुटा. दोन्ही लेखक आपल्या अनुभवाशी प्रामाणिक असतात. गोंधळ होतो तो दोन्ही सल्ले एकाच कथेवर लावणाऱ्याचा.

‘युवर स्टोरी’ ही त्यांची छोट्या कथांची स्पर्धा. दिलेल्या कल्पनेवर ६५० शब्दांच्या आत कथा लिहायची. बक्षिसाकडे न बघता ही मर्यादा सरावासाठी उचलावी. मात्र मराठीत शब्दांची गणती वेगळी पडते. ‘घरासमोरच्या’ हा आपला एक शब्द, त्याला इंग्रजीत पाच लागतात. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाला चिकटतात, म्हणून ६५० मराठी शब्दांत इंग्रजीपेक्षा बराच जास्त ऐवज मावतो. तोच ताण अनुभवायचा असेल तर मराठीत मर्यादा पाचशेच्या आसपास धरावी.

रायटिंग मॅगझिन

चारही नियतकालिकांतलं एकच पान निवडायचं झालं तर ते या ब्रिटिश मासिकातलं ‘अंडर द मायक्रोस्कोप’ असेल. एखादा वाचक आपल्या हस्तलिखिताचे सुरुवातीचे ३०० शब्द पाठवतो. ते जसेच्या तसे छापतात आणि शेजारी ओळीओळीवर शेरे देतात. कुठला शब्द दोनदा आला, कुठल्या वाक्यात कर्ता हरवला, नजर एका पात्राकडून दुसऱ्याकडे न सांगता कुठे सरकली, हे सगळं बोट ठेवून दाखवलेलं असतं. चांगल्या कथेचं रसग्रहण वाचून जे कळत नाही ते अर्ध्याकच्च्या पानाची चिरफाड बघून कळतं, कारण चुका आपल्याच असतात.

हे पान वाचायची रीत ठरलेली ठेवावी. आधी शेऱ्यांवर कागद ठेवून ते झाकायचे. मूळ ३०० शब्द दोनदा वाचायचे, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. पेन्सिलीने आपल्या खुणा करायच्या. मग कागद काढून दोन्ही ताडून बघायचं. आपण केलेल्या खुणा आणि छापील शेरे जिथे जुळत नाहीत त्या जागा वहीत उतरवायच्या. पहिल्या दोन-तीन वेळा आपली नजर फक्त शब्दांवर जाते, म्हणजे जड शब्द, चुकीचा शब्द, पुनरुक्ती. रचनेच्या चुका, विशेषतः माहितीचा क्रम, दिसायला वेळ लागतो. सहा महिन्यांनी दोन्हींतलं अंतर कमी झालं नाही तर आपण झाकण्याआधीच शेरे वाचतो आहोत असं समजावं.

तिथे वारंवार निघणारे दोष मराठी कथेलाही तंतोतंत लागू पडतात. पहिल्याच परिच्छेदात चार-पाच नावं येतात आणि कुणाचं कोण हे कळत नाही. कथा झोपेतून उठण्यापासून सुरू होते. प्रसंग जेमतेम उभा राहतो आणि दुसऱ्या परिच्छेदात ‘त्याला तो दिवस आठवला’ म्हणत वीस वर्षं मागे जातो. हा तिसरा दोष आपल्याकडे फार बोकाळला आहे. त्यावर साधी कसोटी: मागची आठवण खोडून कथा वाचून बघावी. अडलं नाही तर ती आठवण लेखकाच्या तयारीतली होती, तिची जागा वहीत. अडलं तर ती कथेत लागते, पण बहुतेकदा दोन पानं पुढे.

पोएट्स अँड रायटर्स

न्यूयॉर्कची याच नावाची ना-नफा संस्था १९७० मध्ये सुरू झाली. तिचं ‘कोडा’ हे वार्तापत्र १९७३ पासून निघू लागलं आणि १९८७ मध्ये त्याचं आजचं मासिक झालं. नावात कवी आधी आहेत हे लक्षात घ्यावं. ‘रायटर्स डायजेस्ट’मध्ये कवितेला जागा तशी कमी, इथे ती बरोबरीने वागवली जाते. हेही वर्षाला सहा अंक.

यातलं ‘पेज वन’ हे छोटं सदर सोन्यासारखं आहे. नव्या डझनभर पुस्तकांची फक्त पहिली वाक्यं तिथे छापलेली असतात, टिप्पणी काहीच नाही. प्रत्येक वाक्यासमोर तीन गोष्टी लिहाव्यात: कोण बोलतंय, केव्हा, आणि पुढचं वाक्य वाचावंसं का वाटतं. मग आपल्या तीन जुन्या कथांची पहिली वाक्यं त्याच यादीत खाली उतरवावीत, कुणाची कोणती हे न लिहिता. दोन आठवड्यांनी यादी पुन्हा वाचली की आपलं वाक्य कुठे लंगडं पडतं ते कुणी सांगावं लागत नाही.

‘द टाइम इज नाऊ’ या नावाने ते दर आठवड्याला लेखनासाठी विषय देतात: कवितेला मंगळवारी, कथेला बुधवारी, ललित गद्याला गुरुवारी. विषय चांगले असतात. त्यांचा साठा करणं मात्र वाईट. शंभर विषय जमवलेल्या वहीपेक्षा एका विषयाचे तीन खर्डे बरे. जुलै–ऑगस्टच्या अंकात पहिल्यांदाच कादंबरी किंवा कथासंग्रह आलेल्या लेखकांवर विशेष विभाग असतो आणि जानेवारी–फेब्रुवारीच्या अंकात पहिला संग्रह आलेल्या कवींवर. वर्षातले हे दोन अंक कवी-कथाकारांनी धरून ठेवण्यासारखे.

सप्टेंबर–ऑक्टोबरचा अंक लेखनाच्या विद्यापीठीय पदव्यांवर असतो. तिकडे शिकायला जाण्याचा विचार नसेल तर तो सोडून दिला तरी काही बिघडत नाही. जाहिराती सगळ्याच अंकांत पुष्कळ असतात: अभ्यासक्रम, निवासी शिबिरं, स्पर्धा. लेख कुठे संपतो आणि जाहिरात कुठे सुरू होते, याची सवय व्हायला एक-दोन अंक जातात.

द पॅरिस रिव्ह्यू

हे त्रैमासिक १९५३ चं. ते कारागिरीचं मासिक नव्हे, पण त्यातल्या लेखकांच्या मुलाखतींनी जगभरच्या लेखकांना शिकवलं आहे. पहिल्या अंकात इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांची मुलाखत होती. मुलाखतीसोबत लेखकाच्या हस्तलिखिताचं एक पान छापायची त्यांची पद्धत आहे, आणि मुलाखतीइतकाच वेळ त्या पानाला द्यावा. खाडाखोड कुठे झाली आहे? शब्द बदलला आहे, वाक्य हलवलं आहे, की अख्खा परिच्छेद उडवला आहे? बहुतेक पानांवर भर घालण्यापेक्षा काढणं जास्त दिसतं.

१९५८ मध्ये छापून आलेल्या मुलाखतीत अमेरिकी कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी दोन गोष्टी सांगितल्या ज्या आजही सरावात उतरवता येतात. एका कादंबरीचं शेवटचं पान त्यांनी ३९ वेळा लिहिलं होतं. आणि दिवसाचं काम ते अशा जागी थांबवत जिथे पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक असे, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदापुढे बसावं लागत नसे. नोकरी सांभाळून रात्री तासभर लिहिणाऱ्याला ही दुसरी गोष्ट फार उपयोगी पडते. तासातली शेवटची पाच मिनिटं पुढच्या प्रसंगाच्या दोन ओळींच्या टिपणासाठी राखावीत. ते टिपण नसेल तर दुसऱ्या रात्रीची वीस मिनिटं मागचं वाचण्यातच जातात.

या मुलाखती मुळात अनेक बैठकींत घेतलेल्या आणि नंतर लेखकानेही तपासलेल्या असतात. म्हणून त्यातल्या उत्तरांना ओघवत्या गप्पा समजू नये. इतक्या नेमक्या वाक्यात कुणी बोलत नाही, तसं वाक्य घडवावं लागतं.

मराठीत आणताना काय मोडतं

या मासिकांतले नियम इंग्रजीच्या अंगाने घडले आहेत. कथेची रचना, प्रसंगातला ताण, माहितीचा क्रम यांबाबतचे सल्ले भाषा ओलांडून येतात. वाक्याबाबतचे सल्ले येत नाहीत, आणि नेमके तेच जास्त लोकप्रिय असतात.

पहिला सल्ला क्रियाविशेषणं कापण्याचा. इंग्रजीत त्यांचं शेपूट ठरलेलं असतं आणि ती बहुधा आधीच कळलेलं पुन्हा सांगतात. मराठीत ‘“चालता हो,” तो रागाने म्हणाला’ यातलं ‘रागाने’ जरूर कापावं, कारण राग ‘चालता हो’मध्ये आला आहे. पण ‘तुरुतुरु’, ‘भसकन’, ‘टकामका’, ‘हळूहळू’ यांना तीच कात्री लावली तर वाक्यातला नाद आणि चाल दोन्ही जातात. ‘पोर आजीमागे चालत होती’ आणि ‘पोर आजीमागे तुरुतुरु चालत होती’ यांतलं दुसरं वाक्य पोरीचं वयही सांगतं. कसोटी अशी ठेवावी: शब्द काढल्यावर चित्रातलं काही पुसलं गेलं तर तो राहू द्यावा.

दुसरा सल्ला ‘आहे-होतं’ची क्रियापदं टाळण्याचा. हा मराठीलाही लागू आहे, पण कारण वेगळं आणि उपायही वेगळा. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे सलग चार वाक्यं ‘होतं’वर संपली की कानाला ठोके ऐकू येतात.

‘घर जुनं होतं. दाराला कुलूप होतं. अंगणात तुळस होती. ती सुकलेली होती.’

इंग्रजी मासिक सांगेल, जोरकस क्रियापद शोधा. तसं करणारा मराठी लेखक ‘दारावर कुलूप लटकत होतं, अंगणात तुळस सुकत उभी होती’ असं लिहितो आणि ठोके तसेच राहतात. मराठीत क्रियापद चक्क सोडता येतं:

‘जुनं घर. दाराला कुलूप, आणि अंगणात तुळशीच्या नुसत्या काड्या.’

ही सोय आपल्या भाषेत जन्मजात आहे. मात्र पानभर असंच लिहिलं तर गद्य टपालाच्या तारेसारखं तुटक होतं. एका पानात दोन-तीन जागा पुरेत.

तिसरी अडचण नजरेची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. कथा कुणाच्या नजरेतून सांगायची यावर ही मासिकं भरपूर आणि उत्तम लिहितात. पण तिथे सर्वनामात मान नसतो. आपल्याकडे निवेदकाने एखाद्या पात्राला ‘तो’ म्हणायचं की ‘ते’, इथेच निवेदक कुठे उभा आहे ते ठरून जातं. सुनेच्या नजरेतून चाललेल्या कथेत सासरे ‘ते’ असतात. ‘अण्णा उठले. त्यांनी काठी शोधली. दाराशी येऊन तो थांबला.’ इथे तिसऱ्या वाक्यात वाचक सुनेच्या मनातून बाहेर फेकला जातो, आणि का ते त्याला सांगताही येत नाही. कथा तपासताना एक फेरी फक्त यासाठी ठेवावी: प्रत्येक पात्रासमोर ‘तो/ते/ती/त्या’ यांपैकी काय ठरलं ते लिहून घ्यायचं आणि ते कुठे बदलतं ते शोधायचं. बदल मुद्दाम केलेला असेल, उदाहरणार्थ सुनेचा आदर संपला त्या क्षणी ‘ते’चं ‘तो’ होत असेल, तर ते एक सर्वनाम पानभर वर्णनाचं काम करतं. संवादातल्या तू-तुम्हीचंही असंच. नवरा-बायकोचं ‘अहो’ सुटून ‘अरे’ कधी झालं, हा कथेतला प्रसंग असू शकतो.

काळाबद्दलही तसंच. इंग्रजीत वाद असतो तो भूतकाळ की वर्तमानकाळ एवढाच. रोजच्या सवयीच्या भूतकाळासाठी आपल्याकडे ‘येई’, ‘येत असे’, ‘यायचा’ असे पर्याय आहेत. ‘येई’ पुस्तकी आणि दुरून बघणारं, ‘यायचा’ बोलतं आणि जवळचं. तीनही एका परिच्छेदात मिसळले की निवेदकाचं वय आणि शिक्षण डळमळतं.

‘सांगू नका, दाखवा’ या सल्ल्याबद्दल एवढंच की आपल्याकडे कथा सांगण्याची ताकद मोठी आहे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी कथाकथनाचे कार्यक्रम गावोगावी केले, ते सांगण्याच्याच बळावर. ज्याच्या निवेदकाला आवाज आहे त्याने बिनधास्त सांगावं. आवाज नसेल तर दाखवणं भाग पडतं.

आणखी एक धोका सावकाश शिरतो. इंग्रजी मासिकं आणि त्यांतले उतारे सतत वाचले की मराठी पात्रं इंग्रजी हावभाव करू लागतात. ती खांदे उडवतात, खोल श्वास घेतात, भुवई उंचावतात. सातारच्या तालुक्यातली मावशी खांदे उडवत नाही. ती चुकचुकते, पदर खोचते, हात झटकते, ‘मला काय त्याचं’ म्हणून तोंड फिरवते. कथा पूर्ण झाली की प्रत्येक हावभावाखाली रेघ मारून तो कुणाच्या अंगावरचा आहे ते बघावं.

जुनी ‘सत्यकथा’ अजून शिकवते

कारागिरी शिकवणारं सदर न छापताही ज्या मराठी मासिकाने लेखक घडवले ते ‘सत्यकथा’. १९३३ ते १९८२ एवढा तिचा काळ. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांचं संपादन म्हणजे आलेल्या कथेवर लेखकाशी पत्रांतून चर्चा, बदलांच्या सूचना, पुन्हा लिहून मागवणं. तिच्या अभिरुचीवर आक्षेपही आले आणि १९६९ मध्ये लघुनियतकालिकं, म्हणजे प्रस्थापित मासिकांविरुद्ध काढलेली छोटी नियतकालिकं, चालवणाऱ्या तरुणांनी तिची होळी केली. शिकणाऱ्याने दोन्ही बाजू वाचाव्यात. एका बाजूला घोटून घेतलेली शिस्त आहे, दुसऱ्या बाजूला त्या शिस्तीत काय मावत नव्हतं याची जाणीव. त्या दुसऱ्या बाजूचं आणखी बळकट उत्तर गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’मध्ये मिळतं. ज्यांच्या बोलीला आणि जगण्याला आधी जागा नव्हती अशा दलित लेखकांना तिथे व्यासपीठ मिळालं.

जुन्या ग्रंथसंग्रहालयांत अशा मासिकांचे बांधीव खंड चाळायला मिळतात. तिथे करण्याजोगा सराव असा: मासिकात आलेली एखादी कथा शोधायची आणि नंतर तीच लेखकाच्या संग्रहात कशी छापली ते शेजारी ठेवून वाचायची. पहिला परिच्छेद, शेवटचा परिच्छेद आणि शीर्षक एवढंच ताडून बघितलं तरी पुरे. जिथे बदल सापडेल तिथे लेखकाने छापून आल्यावर आपलीच कथा पुन्हा कशी वाचली ते दिसतं. ‘द पॅरिस रिव्ह्यू’मधल्या खाडाखोडीच्या पानाचा हा मराठी जोडीदार, आणि त्याला वर्गणी ग्रंथालयाचीच पडते.

आठवड्याचा हिशेब

एका आठवड्याला एकच लेख. तो वाचून अंक मिटायचा आणि त्यातला मुद्दा मराठीत एका वाक्यात लिहायचा. लिहिता आला नाही तर लेख मोघम होता किंवा आपल्याला कळला नव्हता. मग आपल्याच कथेची दोन पानं घ्यायची, नवी लिहायची नाहीत. त्या दोन पानांत त्या एकाच मुद्द्यावर बदल करायचे, बाकी चुका दिसल्या तरी हात लावायचा नाही. पानं दोन दिवस बाजूला ठेवून मग मोठ्याने वाचायची. जुनी प्रत ठेवलेली असेल तरच तुलना होते, म्हणून संगणकावर दुरुस्ती करताना फाइलला नवं नाव द्यावं.

बिघडतं ते बहुतेकदा इथे: पाच लेख वाचून पाचही नियम एकाच पानावर लावले जातात. पान गुळगुळीत होतं आणि कुणीही लिहिलं असतं असं वाटू लागतं. अशा वेळी जुन्या प्रतीतली जी वाक्यं मोठ्याने वाचताना अजून आवडतात ती परत आणावीत, नियमात बसत नसली तरी.

पैसा आणि पाठवणी

छापील अंकाला परदेशातून टपालखर्च वर्गणीइतका जड होऊ शकतो. डिजिटल अंक घेणं शहाणपणाचं. एका वर्षी एकाच मासिकाची वर्गणी भरावी, चारही घेतली तर एकही नीट वाचून होत नाही.

या मासिकांतल्या यादीत दिसणाऱ्या अमेरिकी स्पर्धांना बहुधा १५ ते ३० डॉलर प्रवेशशुल्क असतं आणि अनेक वाङ्मयीन मासिकं नुसती कथा पाठवायलाही ३ डॉलरच्या आसपास घेतात. इंग्रजीत किंवा इंग्रजी अनुवादात लिहिणाऱ्याने वर्षाची रक्कम आधी ठरवावी. एजंटला लिहायच्या पत्रावरचे लेख मराठी लेखकाला थेट लागू नाहीत, कारण आपल्याकडे लेखक संपादकाला किंवा प्रकाशकाला स्वतःच लिहितो. पण त्यातला एका पानाचा सारांश लिहायचा धडा जरूर गिरवावा. कादंबरीचा सारांश एका पानात उतरत नसेल तर मधल्या भागात काय घडतं हे बहुधा लेखकालाच पक्कं झालेलं नसतं.

एक फरक लक्षात ठेवावाच लागतो. अमेरिकेत तीच कथा एकाच वेळी अनेक मासिकांना पाठवणं पुष्कळ ठिकाणी चालतं, फक्त एकीकडे स्वीकारली की बाकीच्यांना लगेच कळवायचं. मराठीत एकच कथा दोन दिवाळी अंकांना पाठवली तर दोन्हीकडे छापून येऊ शकते आणि दोन्ही संपादक दुखावतात. दिवाळी अंकांचा मजकूर पावसाळ्यातच जमू लागतो, तेव्हा नकाराची वाट बघत बसायला वेळ कमी असतो. कथा युनिकोडमध्ये टंकित करावी, जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की जोडाक्षरं फुटतात. ए-४ पान, दीडपट ओळअंतर, पृष्ठक्रमांक, पहिल्या पानावर शब्दसंख्या. सोबतच्या पत्रात कथा समजावून सांगू नये.

जाहिरातीत किंवा फोनवर कुणी ‘तुमचं पुस्तक छापू, एवढे पैसे भरा’ म्हणालं तर किती प्रती छापणार, त्या कुठे विकल्या जाणार, हक्क कुणाकडे राहणार आणि उरलेल्या प्रतींचं काय, या चार प्रश्नांची उत्तरं लेखी घ्यावीत. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात गैर काही नाही, पण ते काढतो आहोत हे लेखकाला माहीत असावं.

सुरुवात करणाऱ्या कथाकाराने ‘रायटिंग मॅगझिन’चे लागोपाठचे सहा डिजिटल अंक घ्यावेत आणि त्यांतलं फक्त ‘अंडर द मायक्रोस्कोप’ वर सांगितलेल्या रीतीने संपवावं. कवीने ‘पोएट्स अँड रायटर्स’चा जानेवारी–फेब्रुवारीचा अंक घ्यावा. रहस्य, भय किंवा ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याला ‘रायटर्स डायजेस्ट’ जास्त देईल. ज्याच्याकडे दोन-तीन पुरे झालेले खर्डे आहेत आणि पुढे काय करावं ते सुचत नाही, त्याने एक रविवार ग्रंथसंग्रहालयात ‘सत्यकथे’च्या खंडांसोबत घालवावा, आणि जाताना आपला खर्डा सोबत न्यावा.